शाळा मुलाच्या अंगणात : अनुताई वाघ यांचा बालशिक्षणविचार

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखादी संस्था आपल्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेते, तेव्हा जुन्या वह्या उघडल्या जातात. किती विद्यार्थी शिकून गेले, किती शिष्यवृत्त्या दिल्या, किती खोल्या बांधून झाल्या, कोणत्या दानशूर व्यक्तींनी कोणत्या प्रसंगी हात दिला, याचा हिशेब त्या वह्यांत सापडतो. परंतु जे मूल शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेच नाही, त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात नसते. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात ज्यांनी या न आलेल्या मुलालाच आपल्या कार्याचे केंद्र मानले, त्यांत पद्मश्री अनुताई वाघ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

अनुताई कोणी विद्यापीठातील पंडिता नव्हत्या. त्यांनी शिक्षणशास्त्राचा जाडजूड ग्रंथ लिहून आपले तत्त्वज्ञान मांडले नाही. त्या मूळच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिका होत्या आणि अखेरपर्यंत शिक्षिकाच राहिल्या. ठाणे जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यातील) बोर्डी व कोसबाड या दोन ठिकाणी त्यांनी जे काम उभे केले, त्या कामातच त्यांचा विचार वाचावा लागतो. तो विचार कोठून आला, कसा वाढला आणि आज आपल्याशी त्याचा काय संबंध आहे, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी शाळा वाढल्या, तरी बहुजनांची मुले त्यांच्या बाहेरच होती. इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी, सरकारी महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही विसंगती स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. पुढे नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांपुरता असा कायदा झाला आणि १९२३ साली त्याची व्याप्ती वाढविणारा दुसरा कायदा आला.

या साऱ्या चळवळीत शाळा किती असाव्यात, त्यांचा खर्च कोणी करावा, सक्ती कोणावर करावी, हे प्रश्न ऐरणीवर होते. शाळेच्या आत मुलाशी कसे वागावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जाई. ‘छडी लागे छमछम’ ही त्या काळच्या शाळेची सर्वमान्य ओळख होती. सहा वर्षांखालील मुलाचे शिक्षण ही कल्पना तर बहुतेकांच्या मनातही नव्हती. मूल शाळेत बसण्याजोगे होईपर्यंत ते घरी खेळणार, एवढीच समजूत होती.

भावनगरच्या बालमंदिराची देणगी

या समजुतीला पहिला मोठा धक्का सौराष्ट्रात बसला. गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) हे वढवाण येथे वकिली करीत. १९१३ साली त्यांना पुत्रप्राप्ती झाली आणि या मुलाला आपण कोणत्या शाळेत घालणार, या चिंतेने ते बालशिक्षणाकडे वळले. वसो येथील शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांच्यामुळे त्यांना डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांचा परिचय झाला. मॉन्टेसरीबाई या व्यवसायाने डॉक्टर. रोम शहराच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली त्यांनी ‘बालगृह’ सुरू केले होते. मूल हे रिकामे भांडे नव्हे, त्याच्या ठायी स्वतः शिकण्याची उपजत ओढ असते, त्या ओढीला योग्य साधन आणि मोकळीक मिळाली की शिस्त आपोआप येते, असा त्यांचा अनुभव होता.

गिजुभाईंनी वकिली सोडली. नानाभाई भट्ट यांनी भावनगरमध्ये स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते १९१६ साली दाखल झाले आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर उघडले. त्यात मॉन्टेसरींची साधने होती. त्यांच्या जोडीला गिजुभाईंनी गोष्टी, लोकगीते, नाटुकली, बागकाम आणि भटकंती आणली. मुले त्यांना प्रेमाने ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागली. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या गुजराती पुस्तकात लक्ष्मीराम नावाचा एक कल्पित शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि वर्षभर त्यावर प्रयोग करतो. पहिल्या दिवसाचे बेत फसतात, मग तो गोष्टींनी मुलांना बांधून घेतो, पुढे खेळ, स्वच्छता आणि वर्गातील वाचनालय येते. पुस्तक कथेच्या रूपात असले तरी त्यातील प्रत्येक अडचण खऱ्या वर्गातील आहे.

गिजुभाईंच्या विचारातील एक सूत्र आपल्या समाजाला विशेष जवळचे वाटेल. मुलाला मारणे, त्याला भीती घालणे, इतके काय, त्याला बक्षिसाची लालूच दाखवून दुसऱ्या मुलाच्या विरुद्ध उभे करणे, यांस त्यांचा ठाम विरोध होता. अहिंसेचा विचार आपण आहारात आणि व्यवहारात मोठ्या काटेकोरपणे करतो. तो वर्गाच्या उंबरठ्याच्या आत नेण्याचे काम या शिक्षकाने केले.

गिजुभाईंना मराठी सहकारी लाभल्या त्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३). मुंबईत प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या पहिल्या भारतीय महिला प्राचार्य होत्या. मानाचे हे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरच्या बालमंदिरात आल्या. १९२६ साली गिजुभाईंसमवेत त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. मराठी मध्यमवर्गात ‘बालशिक्षण’ हा शब्द रुजला तो मुख्यतः या प्रयत्नांनी.

दादरच्या यशातच ताराबाईंना एक उणीव जाणवत होती. शिशुविहारात येणारी मुले सुशिक्षित घरांतील होती. मॉन्टेसरींची साधने महाग होती आणि ती वापरणारी शिक्षिका खास प्रशिक्षणाने तयार करावी लागे. रोममध्ये जी पद्धत गरिबांच्या वस्तीत जन्मली, ती भारतात येईपर्यंत संपन्नांची झाली होती. खेड्यातील, त्यातही अगदी तळच्या मुलासाठी ती पुन्हा कशी घडवावी, या प्रश्नाने ताराबाईंना मुंबईतून बोर्डीला नेले. तेथे त्यांना अनुताई मिळाल्या.

एका प्राथमिक शिक्षिकेची घडण

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तत्कालीन रूढीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले. बालविधवेपुढे त्या काळी आयुष्याची फारशी वाट नसे. अनुताई मात्र शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा त्यांनी १९२५ साली उत्तीर्ण केली, पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि १९२९ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. चांदवड हे नाव आपल्या वाचकांस परिचित आहे. अनुताई तेथे जाण्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ साली, त्याच गावी श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली होती. ज्ञानदानाचे दोन प्रवाह एका लहानशा गावात त्या वेळी शेजारी-शेजारी वाहत होते.

१९३३ पासून अनुताई पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवू लागल्या. दिवसा शिकविणे आणि रात्रशाळेत स्वतः शिकणे, असा क्रम ठेवून त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. ची पदवी त्यांनी १९६१ साली, पन्नाशी ओलांडल्यावर मिळविली. शिकण्याला वय नसते, हे वाक्य त्यांनी स्वतःच्या आयुष्यात खरे करून दाखविले.

कस्तुरबा गांधी यांच्या निधनानंतर (१९४४) त्यांच्या स्मरणार्थ जमा झालेल्या निधीतून ग्रामीण स्त्रिया व बालके यांच्यासाठी काम करावे, असे ठरले. त्यासाठी सेविकांचे एक शिबिर १९४५ साली बोरिवली येथे झाले. अनुताई त्या शिबिरास आल्या, तेथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्याच वर्षी दोघी बोर्डीच्या कामात एकत्र आल्या. एक पंचावन्नच्या घरातील अनुभवी विदुषी, तर दुसरी पस्तिशीतील शिक्षिका. ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, हे सहकार्य अखंड चालले.

बोर्डी : साधने बदलली, तत्त्व राहिले

बोर्डी हे डहाणूच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले, चिकूच्या बागांचे गाव. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांमुळे तेथे शिक्षणाचे वातावरण होते. मात्र गावाच्या कडेने आणि पूर्वेच्या डोंगरपट्टीत राहणाऱ्या वारली व इतर आदिवासींचे जीवन अत्यंत हलाखीचे होते. जमीन सावकार व जमीनदारांच्या ताब्यात, वेठबिगार सर्रास, आणि पावसाळ्यात उपासमार ठरलेली. बोर्डीची बालवाडी निघाली त्याच १९४५ साली तलासरी-डहाणू भागात गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठीविरुद्धचा लढा पेटला. अनुताईंच्या वाट्याला आलेले बालक या पार्श्वभूमीतून येत होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही.

पहिला प्रश्न साधनांचा होता. मॉन्टेसरीपद्धतीत लहान-मोठेपणा, जाडी, रंग, स्पर्श, आवाज यांचे ज्ञान देण्यासाठी ठरावीक मापाचे लाकडी दट्टे, ठोकळे आणि रंगीत पट्ट्या असतात. बोर्डीत त्यांची जागा समुद्रकाठचे शंख-शिंपले, नदीतील गोटे, चिंचोके, निरनिराळ्या झाडांच्या बिया, पाने, बांबूचे तुकडे आणि माती यांनी घेतली. पानांच्या आकारांची तुलना करता करता मूल वर्गीकरण शिकते, चिंचोके मोजता मोजता संख्या शिकते आणि बिया ओवता ओवता त्याच्या बोटांना ते वळण लागते, जे पुढे लेखणी धरताना उपयोगी पडते. साधन विकतचे असो की रानातले, मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि विचाराला काम मिळते की नाही, एवढेच पाहावयाचे. याचा आणखी एक लाभ झाला. जी वस्तू मुलाच्या घराभोवती पडलेली असते, तिच्याशी शाळा सुटल्यावरही त्याचा अभ्यास चालू राहतो.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. बालवाडीचा दिवस पाटी-पेन्सिलीने सुरू होत नसे. मुलांचे हातपाय धुणे, आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे येथून तो सुरू होई. पुढे गाणी, खेळ, गोष्टी आणि जमेल तसा खाऊ. भुकेल्या आणि खरजेने त्रासलेल्या मुलाला अक्षर शिकविणे व्यर्थ आहे, हे ज्ञान ग्रंथातून येत नाही. मुलाच्या अंगावरून हात फिरविणाऱ्या शिक्षिकेलाच ते मिळते. शाळेचे माध्यान्ह भोजन आणि आरोग्यतपासणी यांना आज आपण सरकारी योजना म्हणून ओळखतो; बोर्डीत ती बालशिक्षणाची पहिली पायरी होती.

न येण्याचे कारण हाच अभ्यासक्रम

अनुताईंच्या शिक्षणविचाराचा गाभा तिसऱ्या गोष्टीत आहे. बालवाडी उघडली, साधने आली, शिक्षिका आल्या. तरी अनेक मुले आली नाहीत. अशा वेळी सामान्यतः पालकांच्या अज्ञानास दोष देण्याची आपली रीत आहे. ‘यांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही’ हे वाक्य आजही सहज ऐकू येते. ताराबाई आणि अनुताई यांनी मात्र प्रत्येक न आलेल्या मुलामागचे कारण शोधले आणि त्या कारणास उत्तर म्हणून शाळेचे एकेक नवे रूप घडविले.

काही वस्त्यांतील मुले मध्यवर्ती बालवाडीपर्यंत येत नसत. अंतर दूर, मनात संकोच आणि समाजात भेदाभेद, अशी त्याची कारणे होती. तेव्हा शिक्षिकेनेच वस्तीत जावे, एखाद्या झोपडीपुढील सारवलेल्या अंगणात मुले जमवावीत, असे ठरले. ही अंगणातील बालवाडी, म्हणजेच अंगणवाडी. मूल आपल्याच अंगणात असल्याने त्याला भीती वाटत नाही, आई कामे करता करता पाहते, आणि मुलाला कसे न्हाऊ घालावे, काय खाऊ द्यावे, याचे शिक्षण तिलाही न कळत मिळते.

इ. स. १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे आदिवासी पाडेच भोवती होते आणि अडचणीही निराळ्या होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली शाळेत येत नसत, कारण आईबाप मजुरीला गेल्यावर कडेवरचे भावंड त्यांनाच सांभाळावे लागे. त्या मुलीला हजेरीची सक्ती करणे म्हणजे तान्ह्याला वाऱ्यावर सोडण्यास सांगणे होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका छपराखाली आणण्यात आली. तिला ‘विकासवाडी’ हे नाव मिळाले. ताई भावंडाला घेऊन येते, तान्हुले पाळण्यात राहते, मधले बालवाडीत खेळते आणि ती स्वतः पहिलीत बसते. पुढे मधले मूल पहिलीत जाते तेव्हा शाळा त्याला परकी वाटत नाही. ते तेथेच वाढलेले असते.

मुलगे येत नसत, कारण त्यांच्याकडे गुरे-शेळ्या राखण्याचे काम होते. हे काम सोडले तर घरची चूल थंडावे. तेव्हा शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरे. गुरे मोजण्यातून अंकगणित, झाडे-पक्षी-किडे यांतून निसर्गविज्ञान, आणि मुलांच्या मुखी असलेल्या गाण्या-गोष्टींतून भाषा. हीच ती ‘कुरणशाळा’. दिवसभर मजुरी करणाऱ्या थोराड मुलांसाठी रात्रीचे वर्ग भरविले गेले.

या सर्व प्रकारांकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यांतील सूत्र दिसते. अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा आणि रात्रीचे वर्ग या कोणी कागदावर आखलेल्या योजना नव्हेत. मुलाच्या गैरहजेरीच्या एकेका कारणातून त्यांचा जन्म झाला. मूल शाळेत येत नसेल किंवा आले तरी टिकत नसेल, तर शाळेच्या वेळेत, जागेत, भाषेत किंवा वागण्यात काही चुकते आहे, असे समजून शाळा दुरुस्त करावयाची, हे अनुताईंचे तत्त्वज्ञान होय. आपल्या समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेचा पाया घालून शिक्षण खेड्यातील गरीब मुलापर्यंत नेले. त्याच दिशेने आणखी पुढे जाऊन अनुताई पाड्यातील अंगणापर्यंत आणि तीन वर्षांच्या बालकापर्यंत पोहोचल्या.

या मार्गात तोटे नव्हते असे नाही. झाडाखालच्या शाळेला पाऊस लागतो. निरनिराळ्या वयाची मुले एकत्र बसली की शिक्षिकेवर भार पडतो. ठरलेला अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा होत नाही आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला दाखवायला सुबक वह्या नसतात. शिवाय हे सारे शिक्षिकेच्या चिकाटीवर अवलंबून असते. म्हणूनच बोर्डी-कोसबाडला बालवाडीइतकेच महत्त्व बालसेविकांच्या प्रशिक्षणास दिले गेले. फार शिकलेल्या नसल्या तरी मुलांत रमणाऱ्या स्थानिक स्त्रियांना तयार करावे, असे धोरण होते. एका स्त्रीला शिकविले की एका वस्तीची बालवाडी उभी राहते, हा त्यामागील हिशेब होता.

नाव पोहोचले, आशय किती पोहोचला?

ताराबाईंना १९६२ साली ‘पद्मभूषण’ मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाल्यावर ग्राम बाल शिक्षा केंद्राची धुरा अनुताईंनी वाहिली. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. बोर्डीच्या अंगणातील शब्द असा देशभर गेला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. १९८२ साली डहाणू तालुक्यातच अनुताईंच्या पुढाकाराने प्रा. रमेश पानसे यांच्यासमवेत ‘ग्राममंगल’ ही संस्था सुरू झाली. तिने बालशिक्षणाच्या प्रयोगांची ही परंपरा पुढे नेली. अनुताईंना ‘पद्मश्री’ व जमनालाल बजाज पुरस्कार लाभले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन मराठी शिक्षकाने आवर्जून वाचावे असे आहे. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

कायद्याची वाटचालही त्या दिशेने झाली, मात्र अर्ध्यावर थांबत थांबत. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. सहा वर्षांखालील बालकांची काळजी व शिक्षण हे मात्र राज्याने प्रयत्न करावयाचे मार्गदर्शक तत्त्वच राहिले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यासही बंदी घातली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. गिजुभाई-ताराबाई-अनुताई यांनी जे मानले होते, ते शासकीय दस्तऐवजात यावयास भावनगरच्या बालमंदिरापासून बरोबर शंभर वर्षे लागली.

तरीही एक विसंगती उरते. अनुताईंचे बालक गरिबीमुळे शाळेपासून दूर होते. आज आपल्या शहरी, सुस्थित घरांतील बालक अडीच-तीन वर्षांचे असतानाच शाळेत जाते. पण बऱ्याच ठिकाणी तेथे त्याला काय मिळते? बोटांना बळ येण्यापूर्वी लेखणी, घरची भाषा पुरती येण्यापूर्वी परकी भाषा, आणि खेळण्याच्या वयात गृहपाठ. तीन वर्षांच्या मुलाने शंभरपर्यंत अंक म्हणून दाखविले की पाहुण्यांसमोर आपण धन्य होतो. त्या अंकांपैकी सात चिंचोके त्याला वेगळे काढता येतात की नाही, हे कोणी पाहत नाही. पाड्यावरील मुलापर्यंत शाळा पोहोचली नव्हती. आपल्या घरातील मुलापर्यंत शाळेची इमारत पोहोचली, पण अनुताईंना अभिप्रेत असलेली शाळा पोहोचली असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

आपल्यापुरता बोध

ज्ञानदानाची परंपरा आपल्या समाजात जुनी व समृद्ध आहे. पाठशाळा, वसतिगृहे, ग्रंथभांडार, शिष्यवृत्ती यांसाठी आपले दातृत्व कधी कमी पडलेले नाही. परंतु दानाचा ओघ स्वाभाविकपणे वरच्या शिक्षणाकडे व वास्तूकडे वळतो, कारण तेथे फळ लवकर दिसते. बालशिक्षणाचे फळ वीस वर्षांनी दिसते आणि त्यावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. अनुताईंच्या कार्याकडे पाहता, समाजाच्या कोणत्याही विश्वस्त संस्थेला पुढील तीन गोष्टी सहज करता येतील असे वाटते.

एक, आपण चालवितो त्या पाठशाळेत वा बालवर्गात जी मुले येत नाहीत किंवा मध्येच येणे सोडतात, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे आणि त्या कारणानुसार वेळ, जागा किंवा शिकविण्याची पद्धत बदलून पाहावी. दोन, लहान मुलांच्या शिक्षिकेस महाविद्यालयातील प्राध्यापकाइतका मान आणि जगण्यापुरते समाधानकारक वेतन द्यावे. सर्वांत कोवळे मन ज्यांच्या हाती सोपवितो, त्यांनाच सर्वांत कमी देण्याची प्रथा मोडावी. तीन, आपल्या घरी, दुकानी वा कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबांची लहान मुले दिवसभर कोठे असतात, याची चौकशी करावी. त्यांच्यासाठी एक पाळणाघर आणि त्याला जोडून एक बालवाडी काढण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. बोर्डीत ते शिंपल्यांनी आणि चिंचोक्यांनी सुरू झाले होते.

इतिहासातील थोर व्यक्तींचे स्मरण आपण बहुधा त्यांच्या पुरस्कारांनी करतो. अनुताईंचे स्मरण करावयाचे तर त्यांच्या कामाची रीत लक्षात ठेवावी. एका बालविधवेने, एका प्राथमिक शिक्षिकेने, मूल का आले नाही असे आयुष्यभर विचारले आणि उत्तर मिळाले तसतशी आपली शाळा बदलली. सुवर्णमहोत्सवी वर्षात पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना आपल्या संस्थेनेही आपल्या परिसरातील न आलेल्या बालकांची एक वही उघडावी आणि दरवर्षी तिचे एकेक पान कोरे होत जावे, हीच सदिच्छा!